तराई

आमच्या तात्यापाऱ्यातल्या घराच्या गच्चीवर मधोमध विटांची एक ओळ आहे. जेमतेम एका विटेची उंची. रांगतं मूलसुद्धा ओलांडून जाईल. २००३ च्या मे महिन्यात ती घातली तेव्हा मी बारा वर्षांचा होतो, आणि घरातली मोठी माणसं त्या ओळीपाशी येऊन किल्ल्याचा तट लागावा तशी थबकत होती.

तात्यापारा ही रायपुरातली जुनी मराठी वस्ती. नागपूरकर भोसल्यांचा अंमल अठराव्या शतकात छत्तीसगडावर बसला, १८५४ साली इंग्रजांनी ते राज्य खालसा केलं, पण इथे रुजलेली मराठी घरं इथेच राहिली. घरात मराठी, अंगणात छत्तीसगढी, बाजारात हिंदी अशी आमची बोली. म्हणून आमच्याकडे स्लॅबची ‘तराई’ करतात. पुण्याचे पाहुणे त्याला ‘पाणी मारणं’ म्हणतात. मला आमचा शब्द जवळचा वाटतो. त्यात तर करणं आहे, ओलं ठेवणं आहे.

आजोबा गेले आणि वर्ष पुरं व्हायच्या आत बाबा आणि काकांचं बिनसलं. जिना कुणाच्या हिश्शात जायचा, एवढंच कारण. काका चिडले की घर डोक्यावर घ्यायचे; तासाभराने तेच जिन्यावरून हाक मारून विचारायचे, “दादा, चहा घेणार का?” बाबा कधीच चिडत नसत. रोज तीच पांढरी बंडी, तीच रामरक्षा, जेवताना तोच उजवा कोपरा. फक्त काकांच्या चहाच्या हाकेला ते ओ देईनासे झाले होते. पाच महिने झाले होते.

आजी मुलींच्या शाळेत तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. गुडघ्यांनी तिला तळमजल्यावर बसवलं होतं, पण डोकं तरतरीत. त्या सुट्टीत मी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली आणि डावीकडे ‘भौतिक बदल’, उजवीकडे ‘रासायनिक बदल’ असं लिहिलं. बर्फ वितळणं डावीकडे, कागद जळणं उजवीकडे. इथवर सोपं होतं. पुढे मी माझ्या बुद्धीने रकाने भरले. लोखंड वितळणं उजवीकडे, कारण केवढी ती आग आणि केवढ्या त्या ठिणग्या! साखर पाण्यात विरघळणं उजवीकडे, कारण ती दिसेनाशी होते. सिमेंट सुकणं डावीकडे, कारण दोरीवरचे कपडे सुकतात तसंच ते.

आजीने पान वाचलं. एकावरही फुली मारली नाही.

“गाजावाजा किती झाला ते बघून तू रकाना ठरवलास,” ती म्हणाली. “तसं करायचं नाही. एकच विचारायचं. तेच आहे का? रूप बदललं, आकार बदलला, दिसेनासं झालं, ते सगळं बाजूला ठेव. होतं तेच आहे, की त्याचं दुसरंच काही झालं?”

साखरेच्या पाण्याची बशी तिने मला उन्हात ठेवायला लावली. रायपूरचं मे महिन्यातलं ऊन, पारा पंचेचाळिसाच्या घरात. संध्याकाळपर्यंत बशीच्या तळाला साखरेचा चिकट थर बसला होता. चाटून पाहिला. तीच साखर.

पुढच्या रविवारी काका मला त्यांच्या बर्फाच्या कारखान्यात घेऊन गेले. बाहेर डांबर पाघळत होतं आणि आत पाय सुन्न पडत होते. जमिनीखालच्या टाकीत मिठाचं थंडगार पाणी, त्यात ओळीने उभे केलेले पत्र्याचे डबे, डब्यांत साधं पाणी. मिठाच्या पाण्याला गोठायला शून्याच्याही बरंच खाली जावं लागतं, म्हणून ते वाहतं राहतं आणि डब्यातलं साधं पाणी मात्र हळूहळू लादी होतं. कोपऱ्यात कॉम्प्रेसर धडधडत होता. नळ्यांतून अमोनिया फिरत होता. काका नळीवर थाप मारून सांगायला लागले, हा द्रव असतो, याची वाफ होते, वाफ होताना तो मिठाच्या पाण्यातली उष्णता ओढून घेतो. मग त्याला दाबायचं, थंड करायचं, की पुन्हा द्रव. अमोनिया उकळतोच मुळी शून्याखाली तेहतीस अंशांना, तेही उघड्या हवेच्या दाबाला.

“मग नवा अमोनिया रोज किती लागतो?”

“नवा कशाला? तोच फिरतो. कुठे गळला तर तेवढी भर घालायची. दिवसाला किती वेळा वाफ होतो आणि किती वेळा द्रव, त्याची गणती नाही. पण तोच.”

घरी येऊन मी हे आजीला सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, “तुझ्या काकाचं तसंच आहे.” आणि मग हसू आवरून खिडकीबाहेर बघत राहिली.

बाबांची नोकरी सिलतऱ्यात, बिलासपूर रस्त्यावर, एका स्पंज आयर्नच्या कारखान्यात. तिथे मुलांना आत सोडत नसत. पण त्यांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून दोन खडे ठेवलेले असत. एक तांबूस, एक करडा. दोन्ही सुपारीपेक्षा थोडे मोठे, दोन्ही ओबडधोबड. आजीने मला ते उचलून बघायला सांगितलं. करडा खडा हाताला हलका लागला. फ्रिजवरचं लोहचुंबक काढून आणलं; तांबड्याकडे ते ढुंकून बघेना, करड्याला मात्र चटकन चिकटलं.

“तांबडं ते खनिज. लोखंड आणि ऑक्सिजन एकमेकांत गुंतलेले. शुद्ध असेल तर शंभर किलोत सत्तर किलो लोखंड आणि तीस किलो ऑक्सिजन,” आजी म्हणाली. “ते कोळशाबरोबर फिरत्या भट्टीत घालतात. लांबच्या लांब, जरा उतरती नळकांडी असते, सावकाश फिरणारी. आत हजार अंशांच्या आसपास धग. कोळशापासून झालेला वायू त्या खड्यातला ऑक्सिजन काढून नेतो. लोखंड वितळायला दीड हजाराच्या वर, १५३८ अंश लागतात. म्हणजे खडा वितळतच नाही. दगड म्हणून आत जातो, दगड म्हणूनच बाहेर येतो. फक्त ऑक्सिजन जिथून गेला तिथे बारीक बारीक भोकं राहतात. म्हणून स्पंज.”

मी तो करडा खडा फिरवून फिरवून बघितला. आकार जवळपास तोच. पण ते खनिज राहिलंच नव्हतं.

“आणि लोखंड वितळतं ते?”

“हाच स्पंज पुढे विजेच्या भट्टीत वितळवतात. लालबुंद रस होतो, ठिणग्या उडतात, डोळे दिपतात. थंड झाला की पुन्हा लोखंड. तेच.” तिने चष्मा काढला. “भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. नंतर काही वर्षांनी मी मुलींना घेऊन गेले होते बघायला. लोखंडाचा रस चरातून वाहायला लागला तेव्हा मुली किंचाळल्या. मीही तिकडेच बघत राहिले. खरा बदल त्याच्या कितीतरी आधी, वर भट्टीच्या पोटात, कुणाला न दिसता होऊन गेला होता, हे पुस्तकात शिकवत असूनही मला त्या क्षणी आठवलं नाही.”

मी वहीतले दोन शब्द खोडून इकडचे तिकडे केले. मग शाळेत पाठ केलेला नियम म्हणून दाखवला: भौतिक बदल उलटवता येतो, रासायनिक बदल उलटवता येत नाही. आजीने मान हलवली. हा नियम तिला मुळीच आवडत नसे, आणि मोठं झाल्यावर मलाही तो आवडेनासा झाला. मुलांना तो सोपा म्हणून देतात आणि मग तो जन्मभर चुकीच्या जागी लागू पडत राहतो. हाच स्पंज पावसात उघड्यावर राहिला तर हवेतला ऑक्सिजन पुन्हा धरतो, गंजतो. ढिगाऱ्यात असेल तर इतका तापतो की आगही लागते. म्हणजे तो परत फिरतो. आणि त्या गंजाचं पुन्हा लोखंड करायचं तर पुन्हा कोळसा, पुन्हा हजार अंश.

“परत येतं रे,” आजी म्हणाली, “पण फुकट येत नाही.”

अक्ती, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, झाल्यावर गच्चीवर स्लॅब पडला. दोन्ही हिश्शांवरून सलग एकच, कारण सळया मध्ये तोडता येत नव्हत्या. सेंट्रिंग, मिक्सर, डोक्यावर घमेली घेऊन जिन्याने चढणाऱ्या रेजा, म्हणजे मजूर बायका. पहाटेपासून दुपारपर्यंत घरात नुसता धुरळा. दुपारी मिस्त्री आणि त्याची माणसं अंगणात कडुलिंबाखाली डबे उघडून बसली. बासी, कांदा, हिरवी मिरची, कैरीचं लोणचं. मिस्त्रीने मला एक घास दिला. आंबुस, गार, उन्हात जीव निववणारा.

बासीवरून आजीने मिस्त्रीलाच शिक्षक केलं. त्याने सांगितलं ते असं: भात शिजवून त्यात पाणी घालून लगेच खाल्ला तर तो बोरे. रात्रभर पाण्यात राहिला तर सकाळी बासी. तोच भात, तेच पाणी, मध्ये फक्त एक रात्र. बोरेतलं पाणी ओतून टाका, भात उरतो. बासीचा आंबटपणा मात्र ओतून जात नाही. रात्रीत सूक्ष्म जिवांनी भातातल्या पिठूळ भागाचं आम्ल केलेलं असतं. पुढे २०२२ मध्ये राज्य सरकारने कामगारदिनी बोरे-बासी खाण्याचं आवाहन केलं आणि शहरातल्या बंगल्यांतही ती ताटं मांडली गेली. तेव्हा मला त्या कडुलिंबाखालचा घास आठवला. कुठल्याही खडूफळ्याने शिकवलं नसतं इतकं स्वच्छ मला त्या दिवशी कळलं की खराब होणं आणि बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बासी हा बिघडलेला भात नाही. तो दुसराच पदार्थ आहे, आणि उन्हात राबणाऱ्या माणसाला त्याचाच आधार वाटतो.

जाताना मिस्त्री आजीपाशी वाकला. “तराई झन भुलाहू, माताजी. दस दिन.” दहा दिवस विसरू नका.

त्याच संध्याकाळी उरलेल्या मालातून आजीने मला दोन गोळे करायला लावले. एक श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घालून, थोडा घट्ट झाल्यावर, डब्यासकट पाण्याच्या बादलीत बुडवला. दुसरा खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात ठेवला.

“पाण्यातला सुकणार कसा?” मी विचारलं.

“तेच बघायचंय,” ती म्हणाली.

सकाळी बादलीत हात घातला. गोळा पाण्याखाली बसल्या जागी टणक झाला होता. बोट उमटेना. मी तो हातात धरून बराच वेळ उभा राहिलो. वहीतले ‘सिमेंट सुकणं’ हे दोन शब्द माझ्या डोळ्यांसमोर कोसळले, कारण पाण्यात बुडालेली वस्तू सुकत नाही, एवढं तर मला कळत होतं.

मग आजीने सांगितलं. आपल्या रायपूर-बलौदाबाजारकडचा हाच चुनखडक, माती घालून साडेचौदाशे अंशांपर्यंत भाजतात. भाजताना चुनखडकातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. शंभर किलोतले चव्वेचाळीस किलो असेच हवेत जातात. उरतं त्याचे काळपट गोटे होतात, ते थोडं जिप्सम घालून दळले की सिमेंट. हे दळलेलं पीठ तहानलेलं असतं. पाणी मिळालं की त्याला धरून ठेवतं, त्याच्याशी मिळून नवाच पदार्थ करतं, आणि तो नवा पदार्थ खडी-वाळूला एकमेकांत बांधतो. पाणी उडून जात नाही. पाणी दगडात मुरून दगडच होतं. आणि हे एका रात्रीत संपत नाही. वरून टणक दिसलं तरी आत काम चालू असतं. इंजिनिअर ताकद मोजतात ती अठ्ठावीस दिवसांनी. मधेच पाणी तुटलं, की काम आहे तिथे थांबतं.

खाली हे सगळं चाललेलं असताना वर काय झालं होतं, ते आजीला कुणी सांगितलं नव्हतं.

मे महिन्यात नळाला तासभर पाणी. काकांनी पदरचे पैसे घालून टँकर मागवला, मातीचे बांध घालून स्लॅबवर वाफे केले आणि मिस्त्रीला म्हणाले, “दादाच्या बाजूला पण मीच भरतो. त्याला कुठे वेळ आहे!” त्यांच्या मनात काही नव्हतं. पण बाबा जिन्यात होते. वर येऊन त्यांनी आवाज न चढवता सांगितलं, “माझ्या बाजूला एक थेंब टाकायचा नाही. माझ्या हिश्शाचं माझं मी बघीन.” त्याच दुपारी हद्द दाखवायला विटांची ती ओळ आली.

बाबांनी दोन दिवस पाणी घातलंही. तिसऱ्या दिवशी कारखान्यात भट्टी बंद पडली आणि त्यांना दोन-दोन पाळ्या कराव्या लागल्या. पहाटे यायचे, दोन तास पाठ टेकून पुन्हा जायचे. आई धाकटीला घेऊन नागपूरला माहेरी गेलेली. काकू रोज संध्याकाळी पाइप घेऊन वर जायची, विटांच्या ओळीपर्यंत पाणी सोडायची आणि तिथे थांबायची. मी तिच्याबरोबर जायचो. ओळीच्या अलीकडचा स्लॅब काळसर ओला, पलीकडचा पांढराफटक. मला वाटलं, बाबांचा भाग आधी सुकला, म्हणजे आधी पक्का झाला. मला कुणी पाणी घालायला सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नाही. आजीने पाण्याखालचा गोळा दाखवून झाल्यावरसुद्धा मला ते दोन धागे जोडता आले नाहीत. बारा वर्षांचा होतो हे खरं, तरी ते मला आजही लागतं.

आठव्या दिवशी आजीने कट्ट्यावरचा गोळा मागवला. नखाने खरवडला तर त्याची भुकटी पडली. कडा बोटांनी तुटल्या. मी सहज म्हणून गेलो, “अगदी वरच्या स्लॅबसारखा पांढरा झालाय.”

“कुठल्या स्लॅबसारखा?”

मी सांगितलं. सांगता सांगता मला स्वतःलाच ऐकू यायला लागलं की मी काय सांगतोय.

आजी काही बोलली नाही. मी बादली घेऊन वर धावलो. बाबांच्या बाजूला जमीन तापलेल्या तव्यासारखी होती. बादलीभर पाणी चर्र करून जिरलं आणि पाच मिनिटांत डागही उरला नाही. आणि तेव्हा मी पहिल्यांदा जवळून बघितलं: सुकलेल्या तळ्याच्या चिखलाला पडतात तशा केसाएवढ्या बारीक भेगांचं जाळं, ओळीपासून पार कठड्यापर्यंत.

बाबा त्या रात्री नऊला आले. आजीने त्यांचं ताट वाढलं होतं, आणि ताटाशेजारी, जिथे एरवी तांब्या असतो, तिथे ते दोन गोळे ठेवले होते. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग आजीकडे. दिवसभर खनिजाचं लोखंड करणाऱ्या माणसाला समजावून सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्यांनी एक गोळा उचलला, अंगठ्याचं नख लावलं. नख घसरलं. दुसरा उचलला. नखात पांढरी भुकटी भरली. ती ते बराच वेळ बघत राहिले.

“एकाच घमेल्यातले आहेत,” आजी म्हणाली. “एकाच दिवसाचे.”

बाबा ताटावरून उठले आणि जिना चढले. मी मागे गेलो. काका कठड्याला टेकून उभे होते, पाइप त्यांच्या वाफ्यात वाहत होता. बाबा विटांच्या ओळीपाशी थांबले. पाच महिन्यांत एकमेकांशी धड न बोललेली दोन माणसं अंधारात पाण्याचा आवाज ऐकत उभी राहिली.

“पाइप इकडे पुरेल का रे?” बाबांनी विचारलं.

काका लगेच हलले नाहीत. मग म्हणाले, “दादा, उशीर झालाय.”

“झालाय.” बाबांचा आवाज अगदी सपाट होता. “पण आतलं सगळं सिमेंट अजून लागलेलं नसतं. जे उरलंय ते पाणी मिळालं तर लागेल. गेलेलं गेलं.”

काकांनी वाकून मातीचा बांध पायाने फोडला. विटांच्या ओळीला खाली कुठेकुठे फटी होत्या. पाणी त्यांतून पलीकडे गेलं, आधी जिरलं, मग थांबलं, मग हळूहळू पसरायला लागलं. काकूने खालून पोत्याची तरटं आणली. ती दोघा भावांनी मिळून अंथरली, विटांवरून आडवी. दुसऱ्या दिवशी टँकर आला, त्याचे पैसे बाबांनी दिले. त्यानंतर पुढचे वीस दिवस रोज रात्री गच्चीवर दोघांचा आवाज यायचा; पाण्याबद्दल, मोटारीबद्दल, कधी आजोबांबद्दल. जिन्याचा विषय मी कधी ऐकला नाही.

बऱ्याचशा बारीक भेगा पुढे पांढऱ्या रेघांनी भरून आल्या. आतला चुना पाण्यात उतरतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड धरतो आणि भेगेतच पुन्हा चुनखडक होऊन बसतो, असं आजीने सांगितलं. भट्टीत उडून गेलेला वायू असा थोडाथोडा परत येतो. सगळ्या भेगा मात्र भरल्या नाहीत. बाबांच्या हिश्शात, देवघराच्या दारापाशी, एक जागा अजून गळते. डांबर लावून झालं, पत्रा घालून झाला. पावसाळा लागला की आम्ही तिथे पातेलं ठेवतो. ते पातेलं काकूचं आहे. पहिल्या पावसाला ती स्वतःच ते घेऊन येते.